आईला अल्झायमर, मग मला? जीन टेस्टचा माझा अनुभव
आई आयुष्यभर रामबागेतून राजवाड्याला पायी जायची आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच भर बाजारात उभी राहून एका दुकानदाराला विचारत होती की माझं घर कुठे आहे हो. वय 74. पहिल्या डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सोडून दिलं, त्यात आठ महिने गेले, त्याचा राग मला अजून येतो. मग न्यूरोलॉजिस्टने घड्याळ काढायला लावलं तर आईने बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. बी12, थायरॉइड, एमआरआय सगळं झालं (विसरण्याची बरी होणारी कारणंही असतात, ती आधी बघावीच लागतात) आणि मग ते नाव आलं.

आजीचंही असंच झालेलं, तेव्हा घरात म्हातारचळ म्हणायचे. मी 47 ची, माझी झोपच उडाली. जीन टेस्टचं ऑनलाइन किट मागवणारच होते तेवढ्यात न्यूरोलॉजिस्ट म्हणाले आधी जेनेटिक काउंसलरशी (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांशी) बोला, आणि ते फार बरं झालं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर तासभर फक्त आमची वंशावळ काढली, कोणाला झालं आणि मुख्य म्हणजे कितव्या वर्षी. त्यासाठी उज्जैनच्या मावशीला तीनदा फोन केला. सगळं सत्तरीनंतरचंच निघालं. चाळिशी-पन्नाशीतच पिढ्यानपिढ्या होत असेल तर एपीपी, पीएसईएन1, पीएसईएन2 हे जीन बघतात, तिथला बिघाड मुलात यायची शक्यता 50 टक्के आणि आला की आजार जवळपास ठरलेलाच, पण अशा केसेस एक टक्क्याहून कमी. आमचं तसं दिसत नाही म्हणाल्या. त्या रात्री मी झोपले.

उरला एपीओई, म्हणजे उतारवयातल्या अल्झायमरचा धोका कमी-जास्त करणारा जीन. त्याचे ई2, ई3, ई4 असे प्रकार, प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची एक वडिलांची. ई4 एक असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, तरी ई4 असून कधीच न झालेले आहेत आणि नसून झालेलेही, शिवाय हे आकडे जास्त करून युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. काउंसलरने विचारलं, ई4 निघाला तर उद्यापासून काय वेगळं करणार? मला उत्तरच देता येईना, म्हणून महिनाभर थांबले, मग टेस्ट केली. ई3/ई4, म्हणजे ई4 ची एक प्रत.

दादा म्हणाला मला सांगू नकोस. आधी फार राग आला. मग वाचलं की डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसनने 2007 मध्ये स्वतःचा अख्खा जीनोम (शरीरातला संपूर्ण डीएनए) जगासमोर ठेवला, फक्त हा एक एपीओई जीन झाकून ठेवायला सांगितला. मग दादावरचा राग गेला.

रिपोर्ट कपाटात आईच्या फाइलखाली आहे. माझं बीपी वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू केली, कानही तपासून घेतले, कारण बीपी आणि कमी ऐकू येणं यांनीही धोका वाढतो आणि ते आपल्या हातात आहे. दादाला रोज रात्री फोन करते, बीपीची गोळी घेतलीस का एवढंच विचारते.