अठरा तासांचा अभ्यास आणि रुपयाचा प्रश्न

अकरा एप्रिलला जोतीरावांची जयंती झाली की चौदापर्यंत आमच्या वस्तीत कुणी वेळेवर जेवत नसे. पोरं पावतीपुस्तकं घेऊन वर्गणीला फिरायची, पताकांच्या दोऱ्या या गच्चीवरून त्या गच्चीवर जायच्या. तेराच्या रात्री बाराच्या ठोक्याला फटाके. चौदाला सकाळी पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची बुद्धवंदना, दुपारी खीरदान, संध्याकाळी मिरवणूक. नाचलो मीही, ते नाकारत नाही. पण मंडळाचा माझा लाडका दिवस बारा एप्रिल. त्या दिवशी विहारात सलग अठरा तास अभ्यास असे, सकाळी सहा ते रात्री बारा.

सतरंज्या, दोन टेबलफॅन, दाराशी हजेरीची वही. एमपीएससीवाले दादा जाडजूड गाइडं घेऊन भिंत पकडून बसायचे, आम्ही शाळकरी पोरं मधे. एका कोपऱ्यात प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला जाणारी एक मावशी पाटीवर आपलं नाव गिरवत असे. तिची डुलकी आम्हाला कधी दिसली नाही. आमच्या मात्र रोजच्या वेळेलाच सुरू व्हायच्या.

दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागले की पोस्टमास्तर काका उठायचे. खात्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. हा तास त्यांचा. आदल्या दिवशीच्या वक्तृत्व स्पर्धेत आम्ही 'आदरणीय व्यासपीठ' म्हणून सुरुवात करून बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवलेल्या असत. काका त्यातल्याच एखाद्याला उभं करत. "डी.एससी. म्हणालास ना? कशावर केली?" विहारात फक्त पंख्याचा आवाज.

मग सांगायला लागायचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं, आणि वेगळ्या जहाजानं पाठवलेली पुस्तकं जहाजासकट समुद्रात गेली. इथं काका थांबायचे. पुस्तकं बुडाल्याचं त्यांना दरवर्षी नव्यानं वाईट वाटायचं.

खरी जुंपायची ती १९२० सालावर. जानेवारीत बाबासाहेबांचं 'मूकनायक' पाक्षिक सुरू झालं, मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत खुद्द शाहू महाराजांनी 'तुम्हाला तुमचा पुढारी सापडला' अशा अर्थानं सांगितलं, आणि त्याच वर्षी हा पुढारी सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, उसनवारी करून, राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेला. असं कसं? एक दादा दरवर्षी हिरिरीनं म्हणायचा, "काका, चळवळ ऐन भरात असताना?" काका म्हणायचे, "भरात कुठली रे, ती अजून उभी राहायची होती. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधी हातात काय पाहिजे ते त्यांना कळलं होतं." दादाला हे कधी पटलं नाही. मला काकांचं पटायचं, अजूनही पटतं.

डी.एससी.चा प्रबंध रुपयावर होता. १९२३ साली तो पुस्तकरूपानं छापला गेला. तेव्हा सरकार रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळण्यात गुंतलेलं. बाबासाहेबांचं म्हणणं, आधी इथल्या बाजारात रुपयाला किती माल मिळतो ते स्थिर ठेवा; आणि त्यासाठी नाणं किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर न सोडता त्याला पक्की मर्यादा घाला. काकांनी ते आम्हाला असं समजावलं होतं: महागाई वाढली की व्यापारी भाव वाढवतो, मजुराची मजुरी मात्र मागं राहते, म्हणजे चलन घसरलं की पैसा मजुराच्या खिशातून निघून मालकाच्या खिशात जातो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे वडील रोजंदारीवर होते. यापुढं कुणाला डुलकी येत नसे.

एकदा कुणीतरी भाषणात 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली' असं ठोकून दिलं आणि टाळ्या घेतल्या. काका परीक्षक होते, गुण कापले. "रिझर्व्ह बँकेची शिफारस केली त्या हिल्टन यंग चलन आयोगापुढं १९२५ साली साक्ष दिली, ते सांग. तेवढं पुरेसं मोठं आहे." पोरगा रडकुंडीला आला, त्याचे वडील चिडले, मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. काकांनी गुण वाढवले नाहीत.

मजूरमंत्री, कायदामंत्री, घटनेची मसुदा समिती हा पुढचा भाग काका भराभर उरकायचे. तो पाठ्यपुस्तकात आहेच, म्हणायचे.

आता काका नाहीत. अठरा तास अजून होतात, हजेरी आता मोबाइलवर लागते, आणि दुपारचा तास वर्षाआड कुणाच्या तरी गळ्यात पडतो. यंदा माझ्या पडला. पहिल्याच रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "नाण्यावर मर्यादा घातली आणि दुष्काळ पडला तर सरकारनं पैसा आणायचा कुठून?" तो हिरिरीवाला दादा, आता केस पिकलेला, मागून म्हणाला, "हां, आता सांग!" चहा आला, गार झाला, तरी आमचं चालूच होतं.