मोडीची वही, महिना सहावा : ‘बाबाशाई’ सुटला

मंडळी, दसऱ्याला सुरुवात केली होती, आता पाडवाही होऊन गेला. आजीच्या पेटीतल्या, मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या अकरा कागदांपैकी चार पूर्ण वाचून झाले आहेत. मागच्या नोंदीत एकच झाला होता. चौथ्याने सर्वांत जास्त छळलं आणि सर्वांत जास्त शिकवलंही, म्हणून आज मुख्यतः त्याच्याविषयी लिहिते.

आधी एक चूक कबूल करते, म्हणजे नवीन आलेल्यांचे तीन आठवडे वाचतील. मी मोडी फॉन्टवरून शिकायला लागले होते. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली. नोटो सान्स मोडी फुकट मिळतो आणि लॅपटॉपवर छान दिसतो. अक्षरमुख या साइटवर देवनागरी मजकूर टाकला की मोडी तयार मिळते. मी रोज वीस मिनिटं हे केलं, मुळाक्षरं पाठ झाली. मग पेटीतला कागद समोर धरला तर एक ओळ वाचता येईना. फॉन्टमधली अक्षरं सुटी, सुबक असतात. कागदावर आधी शिरोरेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलेली असते आणि मग अक्षरं तिला लटकत धावतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना खालून वळून वर शिरोरेघेला भिडतो, म्हणजे बोरू उचलावा लागत नाही. हे वळण डोळ्यांनी नाही, हातानेच कळतं. फॉन्ट टाईप करण्यासाठी ठेवा, वाचायला शिकण्यासाठी नको.

मग मी उलटं केलं. मोडी बाजूला ठेवली आणि दोन महिने फक्त छापील देवनागरी पत्रं मोठ्याने वाचली. इंटरनेट आर्काइव्हवर इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आहेत, पहिला, १८९८ चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत काढणारे गो. स. सरदेसाई तर आपल्या बडोद्यातच महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आयुष्य काढलेले. त्यांचे भागही सापडतात. रोज रात्री जेवणानंतर दोन पत्रं. ‘विनंती विज्ञापना’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय लेखन करीत जावे’, ‘उपरी’, ‘जाणिजे’, ‘मोर्तब सूद’ हे पत्रांतले ठरीव शब्द सगळे कानात बसले. त्यानंतर मोडी कागद उघडला तर मायना स्वतःहून उलगडला, कारण पुढे काय येणार ते कानाला आधीच माहीत होतं. मायन्यातली अक्षरं ओळखली की त्याच लेखकाच्या हाताची बाराखडी आपल्याला मिळते, आणि मधला मजकूर त्याच बाराखडीने फोडायचा. माझ्या मते मोडी शिकण्याचा हाच खरा रस्ता आहे : कान आधी, डोळा मागून.

शोधण्याबद्दल एक सूचना. आर्काइव्हवरच्या जुन्या मराठी पुस्तकांपैकी पुष्कळशी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनिंगमधून आली आहेत आणि त्यांची शीर्षकं विचित्र रोमन अक्षरांत टाकलेली आहेत, मध्येमध्ये अपॉस्ट्रॉफी पेरलेल्या. देवनागरीत शोधून काही हाती लागलं नाही तर पुस्तक नाही असं समजू नका. लेखकाचं आडनाव रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून बघा. एका खंडाच्या स्कॅनमध्ये मला हवी तीच पानं गायब निघाली. तेव्हा मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन छापील प्रत पाहिली. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था लावली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जायची, वाचणाऱ्याला फुकट. स्क्रीनवर फार दिवस घालवल्यावर त्या कपाटांमध्ये उभं राहिलं की बरं वाटतं.

आता चौथा कागद. हा कर्जरोखा आहे. खापरपणजोबांनी मुंजीच्या खर्चासाठी पैसे घेतले होते. तारखेत ‘संवत १९४३ श्रावण वद’ असं होतं. एका मोबाइल ॲपमध्ये टाकलं, उत्तर आलं १८८६. वहीत तसं लिहूनही टाकलं. पण खाली बारीक अक्षरांत ‘शके १८०९’ दिसलं, आणि १८०९ मध्ये ७८ मिळवले तर १८८७ येतात. एक वर्ष जास्त का, यावर दोन संध्याकाळी गेल्या. कारण साधं आहे. उत्तरेत संवत चैत्रात बदलतो, आपल्याकडे गुजरातेत दिवाळीनंतर, कार्तिकात. म्हणून चैत्र ते आश्विन या काळात दोन मोजण्यांत एक आकड्याचा फरक राहतो. ॲप उत्तरेचं गणित करत होतं. बडोद्याच्या कागदावर संवत दिसला आणि महिना चैत्र ते आश्विनमधला असला तर ५७ नव्हे, ५६ वजा करा. शके लिहिलेला असेल तर त्याच्यावर विसंबा.

पेशवाई पत्रं वाचणाऱ्यांना सुहूर सन, म्हणजे त्या पत्रांतली वेगळी कालगणना, लागते. तिचीही पद्धत इथे टिपून ठेवते. वर्ष अरबी संख्याशब्दांत येतं, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी १७६१ याच वर्षात बसतो. हे तोंडपाठ करा, जंत्री उघडायची गरज निम्म्याने कमी होते.

रोख्यात सावकाराचं नाव मी ‘बाबासाहे…’ असं वाचलं. पुढचं अक्षर पुसट होतं, म्हणून ‘ब’ मीच घालून दिला. पंधरा दिवस माझ्या वहीत बाबासाहेब सावकार नांदत होते. खटकत एवढंच होतं की नाव रुपयांच्या आकड्याला चिकटून येत होतं : ‘रुपये ७५ बाबासाहे’. शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे चुकीच्या जागी तोडलं तरी ओळ वाचल्यासारखी वाटते. मग बडोद्यावरचा जुना गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सातवा खंड, १८८३ चा, आर्काइव्हवरून उतरवून नाण्यांचा भाग वाचला. तिथे बडोदे राज्याच्या रुपयाचं नाव होतं : बाबाशाई. कागदाकडे परत गेले तर ‘शा’ आणि ‘ई’ स्पष्ट दिसले. इतके दिवस समोरच होते.

आत्याला फोन केला. ती दांडिया बाजारातच वाढलेली. म्हणाली, “अगं, बाबाशाई म्हणजे आपल्या राज्याचा रुपया. आजी म्हणायची ना, खोट्या माणसाला, बाबाशाईसुद्धा वाजवून घ्यावा असा आहे म्हणून.” हे वाक्य मीही लहानपणी ऐकलं होतं. कागदावर मात्र ओळखता आलं नाही.

पुढचा अडथळा ‘दरसद्दे’. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, तिथे देवनागरीत शोधता येतं. दरसद्दे म्हणजे दर शेकड्याला. जुन्या कारभारी शब्दांसाठी याहून भरवशाचं मला काही सापडलेलं नाही. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहेत, पण शेवटचा यादवकालीन मराठीसाठी, रोख्याला उपयोगी नाही. फारसी शब्द अडला तर माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश पाहते. तेही जन्माने बडोद्याचेच.

आता हिशोब. व्याज दरमहा दरसद्दे एक रुपया, मुद्दल ७५. मागच्या बाजूला, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, ज्येष्ठात लिहिलेलं ‘८२॥’. ॥ मी वाक्य संपल्याची खूण समजले होते. पण श्रावण ते ज्येष्ठ दहा महिने, महिन्याला बारा आणे, म्हणजे साडेसात रुपये. ७५ आणि साडेसात मिळून साडेब्याऐंशी. ॥ म्हणजे अर्धा रुपया. त्या क्षणी तारीख, व्याज आणि नाणं तिन्ही एकदम जुळले. वाचन बरोबर आहे याची यापेक्षा चांगली खात्री मला ठाऊक नाही, म्हणून आकडे असलेला कागद सोडू नका. हिशोब स्वतःच आपल्याला तपासतो.

८२॥ च्या खाली दोन शब्द आहेत, ‘भरून पावले’. मुंजीचं कर्ज फिटलं होतं.

फोटोंबद्दल थोडक्यात : मोबाइलचा स्कॅनर मोड बंद ठेवा, तो बारीक फराटे खाऊन टाकतो. खिडकीजवळ तिरप्या उजेडात साधा फोटो काढा, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांपासून कागद लांब ठेवा.

पाचव्या कागदाचा मायना गुजराती लिपीत सुरू होतो आणि तिसऱ्या ओळीत मोडी लागते, हात मात्र एकच वाटतो. कोणी असा दुलिपी कागद वाचला असेल तर कळवा. मी आजच रात्री त्याची बाराखडी काढायला बसते आहे.