काळ्या गाडीचं पॉलिश

आजचा अख्खा दिवस काळ्या गाडीच्या पॉलिशमध्ये गेला. भरून पावलो.

काळा रंग काहीच लपवत नाही. गाडी उन्हात आली की बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसते. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेल्या बारीक रेघांपैकी प्रकाशाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळ भासतं.

यातले बहुतेक ओरखडे धुता-पुसताना पडतात. म्हणून बादल्या दोन, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा, मगच शाम्पूत. सुरुवात टपापासून, चाकांजवळचा भाग शेवटी. आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकणं? काळ्या गाडीवर तो अन्यायच आहे, माझं स्पष्ट मत.

पॉलिश सावलीत, पत्रा गार असताना. रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि पॉलिश त्यातलाच थोडा थर काढतं. त्यामुळे मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, तेही आधी एका छोट्या चौकोनावर. वॅक्स ओरखडे काढत नाही, फार तर झाकतं. त्याचा अगदी पातळ हात पुरतो. मायक्रोफायबरचं फडकं जमिनीवर पडलं की ते बाद.

शेवटी टॉर्च तिरका धरून पॅनल न् पॅनल तपासला. दाराच्या हँडलमागे नखाला लागणारा एक ओरखडा राहिलाय. तो मुद्दामच ठेवला; त्याच्यासाठी तिथला क्लिअर कोट घालवणं मला पटत नाही.