वॉर अँड पीस, पहिलं वाचन: 361 पैकी 259 अध्याय

टॉलस्टॉयच्या या कादंबरीचा खंड 3 संपला. दिवसाला दोन अध्याय या हिशोबाने इथवर 130 दिवस लागायला हवे होते, लागले 141. चुकलेल्या अकरा दिवसांपैकी नऊ पहिल्या 25 अध्यायांतच गेले. पुस्तकाची जाडी नाही, नावं आडवी येतात.

त्याआधी क्रमांकांचा घोळ निस्तरून घ्या. मूळ रशियन रचना चार खंड आणि दोन भागांचा उपसंहार अशी आहे. अध्याय अनुक्रमे 65, 98, 96, 74 आणि 28, एकूण 361. मॉड दांपत्याच्या इंग्रजी भाषांतराची जी मोफत ई-प्रत सगळीकडे फिरते, तिच्यात मात्र 15 पुस्तकं, दोन उपसंहार आणि 365 अध्याय आहेत. मजकूर तोच, पण खंड 1 भाग 1 चे 25 ऐवजी 28 अध्याय पाडलेत आणि खंड 2 भाग 2 चे 21 ऐवजी 22. दुसऱ्या कुणाबरोबर वाचत असाल तर ‘खंड 2, भाग 3’ म्हणजे तुमच्या प्रतीतलं सहावं पुस्तक, एवढं मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. पानांवर वेळापत्रक बांधू नका. आवृत्तीगणिक पानं बदलतात. अध्याय सरासरी साडेतीन-चार पानांचा असतो, तेच माप सोयीचं.

आता नावं. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि वर घरचं लाडाचं नाव. वडिलांवरून आलेलं नाव म्हणजे आपल्या ‘दाशरथी’सारखं: मुलगा असेल तर शेवटी -विच किंवा -इच, मुलगी असेल तर -व्ना किंवा -इच्ना. नताशा, नताल्या इल्यिनिच्ना आणि काउंटेस रोस्तोवा ही एकच मुलगी. पिएर म्हणजेच प्योत्र किरिलोविच. कोण कुणाला हाक मारतंय त्यावर नाव बदलतं, म्हणून आद्याक्षरांनी केलेली यादी कुचकामी ठरते.

घराण्यांनुसार चिठ्ठी करा. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच रकाने: रोस्तोव, बोल्कोन्स्की, बेझुखोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय. वडील सगळ्यांत वर, म्हणजे मुलांची मधली नावं आपोआप उलगडतात. बोल्कोन्स्कींच्या रकान्यात निकोलाय आंद्रेयेविच (म्हातारे प्रिन्स), त्याखाली आंद्रेई निकोलायेविच आणि मार्या निकोलायेव्ना. रोस्तोवांकडेही एक निकोलाय आहे, पण तो इल्यिच. दोन आन्ना पहिल्याच मेजवानीत भेटतात: पाव्लोव्ना ही यजमानीण, मिखायलोव्ना ही बोरिस द्रुबेत्स्कोयची आई. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

भेटला माणूस की टीप, असं केलं तर चिठ्ठी पन्नासाव्या पानाला भरते. पात्रं 500 च्या वर आहेत आणि कितीतरी अधिकारी एका प्रसंगापुरतेच येतात. दुसऱ्यांदा दिसला तरच लिहायचा. आत्तापर्यंत 38 नावं झाली आणि तेवढी पुरतात. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली पात्रयादी टाळलेली बरी. कुणाचं लग्न कुणाशी होतं हे तिच्यात कधीकधी फुटतं. प्रस्तावनाही शेवटी वाचा, कारण तीच.

पहिलंच वाक्य फ्रेंचमध्ये आहे. काही भाषांतरं ते तसंच ठेवून अर्थ तळटिपेत देतात. टिपा पुस्तकाच्या शेवटी असतील तर दोन खुणा लागतात, एक मजकुरात आणि एक टिपांत.

तारखा जुन्या रशियन दिनदर्शिकेच्या आहेत, म्हणजे बारा दिवस मागे. नेपोलियनशी झालेली बोरोदिनोची लढाई कादंबरीत 26 ऑगस्ट 1812, इतिहासाच्या पुस्तकांत 7 सप्टेंबर. टॉलस्टॉयची चूक शोधल्याचा आनंद यात नाही.

खंड 3 मधला कस बोरोदिनोत लागतो: भाग 2, अध्याय 19 ते 39, सलग एकवीस. इथे दोन-दोनचा नियम मोडून चार बैठकांत संपवले. तुकडे पाडले की कोणती टेकडी कुणाच्या हातात आहे हे रोज नव्याने आठवावं लागतं. एकोणिसाव्या अध्यायात टॉलस्टॉयने नकाशा दिला आहे, पण काही ई-प्रतींत तो गळलेला असतो. मग स्वतः काढा, पाच मिनिटांचं काम. वर उत्तर. रशियन सैन्याचं तोंड पश्चिमेकडे, म्हणून त्यांची डावी बाजू कागदावर खाली येते. वरच्या बाजूला कोलोचा नदी आणि बोरोदिनो गाव, मध्यभागी रशियन सेनानी रायेव्स्कीची तोफांची जागा, तिच्याखाली दुसरा सेनानी बाग्रातिओन याचे मातीचे बुरूज, तळाशी उतित्सा गाव. शेवार्दिनो, म्हणजे रशियनांची पुढची तटबंदी, या सगळ्यांच्या पश्चिमेला, आणि ते 24 तारखेलाच पडलेलं. ही एक खूण केली की लढाई ठरवलेल्या जागी झालीच नाही, हा त्या अध्यायातला सगळा वाद समजतो. नकाशाशिवाय तो नुसता चिडलेल्या माणसाचा लेख वाटतो.

तसे लेख या खंडात पुष्कळ आहेत. तिन्ही भागांची सुरुवातच इतिहासचिंतनाने होते. तिसऱ्यात तर अकिलीस आणि कासवाचं कोडं येतं, वेगवान अकिलीसला पुढचं कासव कधीच गाठता येत नाही असं सांगणारं. 1873 च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने स्वतःच असे भाग मजकुरातून काढून शेवटी टाकले होते, तेव्हा गाळणाऱ्यांना आधार आहे. तरीही खंड 3 मध्ये गाळू नयेत. रशियन सरसेनापती कुतुझोव्ह लढाई चालू असताना डुलक्या का काढतो, हे त्या लेखांशिवाय विनोदापुरतंच उरतं. अशा दिवशी एकच अध्याय घ्यायचा आणि समासात एका वाक्यात त्याचा मुद्दा लिहायचा. वाक्य जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा.

उरले 102. खंड 4 चे 74 अध्याय 37 दिवसांत, उपसंहाराच्या पहिल्या भागाचे 16 आठ दिवसांत. दुसऱ्या भागाच्या 12 अध्यायांना रोज एक. तिथे कादंबरीतलं एकही पात्र नाही, चिठ्ठी बाजूला ठेवता येईल.