पिना तेवढ्याच, तरी जुळेना

कॉम्प्युटरचा नवा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात की दुकानदार बजेटच्या आधी विचारतो, "बोर्ड कुठलाय?" त्याचं बरोबरच आहे. मदरबोर्डवरचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचा, प्रोसेसर बसवायचा तो दोन-तीन बोटांचा चौकोन, म्हणजे सॉकेट, पुढचं सगळं ठरवून मोकळा झालेला असतो.

प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं या चौकोनाच्या पिनांची संख्या दर दोन वर्षांनी बदलायचा सपाटाच लावला होता. २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. एका पिनेच्या फरकानं अख्खा बोर्ड बाद! पण खरी मजा २०१७ मध्ये झाली. कॉफी लेक मालिकेचे प्रोसेसर ११५१ पिनांचेच आले, जुन्या बोर्डात अलगद बसायचे, फक्त चालू व्हायचे नाहीत. छत्तीस गुण जुळून मोडलेली सोयरीक. प्रोसेसरमधले कोअर, म्हणजे काम करणारे भाग, वाढले, त्यांना वीज जास्त लागते, म्हणून पिनांची कामं बदलली, असा इंटेलचा खुलासा. हौशी मंडळी कसली ऐकतात! त्यांनी मोजक्या पिनांवर चिकटपट्टी लावली, बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, खाडाखोड केली आणि तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा एएम४ सॉकेट मात्र टिकला. २०१७ च्या पहिल्या रायझनच्या, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरांच्या, कितीतरी बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो, नुसता बायोस अपडेट करायचा. हा काही निव्वळ दिलदारपणा नव्हे. २०२० मध्ये कंपनीनं चारशे मालिकेच्या बोर्डांना पुढचे रायझन मिळणार नाहीत असं सांगून टाकलं होतं. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला तेव्हा माघार घेतली. अडचण होती तीही खरीच. बऱ्याच बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची, तिच्यात प्रोसेसरांच्या इतक्या पिढ्यांची माहिती मावेना. मग नव्यांना घेताना काही ठिकाणी जुन्यांची नावं कापली गेली.

एएम४ ची एक खोड होती. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर उचलला की दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून यायचा, वर पिना वाकलेल्या. पण त्या प्रोसेसरलाच असल्यामुळे शिसं काढलेल्या पेनपेन्सिलीचं टोक अडकवून हळूच सरळ करता यायच्या. २०२२ च्या एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डावर गेल्या. केसासारख्या बारीक, तिरक्या. त्यांना पेन्सिल लावायची माझी तरी छाती होत नाही.