बेलापूरच्या हाटात इरकलीचा सांधा

ठाण्याहून पनवेल गाडी, बेलापूरला उतरायचं, मग सिडकोचं अर्बन हाट. वाटेत ऐरोली, घणसोली, तुर्भे गेली. त्यात सांगण्यासारखं एवढंच की शनिवारीसुद्धा बसायला जागा नसते. हाटातली वारली चित्रं, मातीची भांडी, लोणची सगळं भराभर बघून झालं. पाय अडकला तो इरकली साड्यांच्या एका स्टॉलवर, आणि उरलेली दुपार तिथेच गेली.

याला कारण होतं. आदल्याच आठवड्यात ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानात ‘अस्सल इरकल’ म्हणून एक जांभळी साडी पुढ्यात टाकली गेली. काठ छान, किंमत भारी, पण इरकलीचा म्हणून लाल असायला हवा तो पदर धड लाल नव्हता. विटकरीही म्हणता येईना. विचारलं तर ‘लाइटमुळे तसा दिसतो, ताई’ असं उत्तर मिळालं. लाइटचा काही संबंध नव्हता. राग त्याचाच येतो, की विकणाऱ्यानंच कधी पदर उलटून पाहिलेला नसतो.

हाटातले विणकर काका इळकलचेच, ज्या गावावरून इरकल हे नाव आलं. गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण 1956 पर्यंत तो सगळा विजापूर भाग मुंबई राज्यात होता. इरकली लुगडं आपल्या आज्यांच्या अंगावर रोजचं होतं, ते उगीच नव्हे. काकांचं मराठी कानडी वळणाचं. त्यांनी एक पोपटी साडी उलगडली, अंग आणि पदर जिथं भेटतात तिथं बोट ठेवलं आणि म्हणाले, “अक्का, हितं हात लावून बगा.”

बोटाला बारीक कंगोरा लागला. उजेडाकडे धरल्यावर दिसलं: साडीभर उभे गेलेले पोपटी सुती धागे तिथं संपतात आणि लाल रेशमी धागे सुरू होतात. गाठ एकही नाही. अंगाच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, फासे आणि पदराच्या ताण्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, शेकडो फासे, एकेक करून, हातानं. या जोडणीलाच तोप-तेणी म्हणतात. पदराच्या लाल भागात उभा धागाही लाल आणि आडवाही लाल, म्हणून तो रंग इतका भरून येतो.

या सांध्यामुळे मागावर लांबलचक ताणा चढवताच येत नाही. सहावारी हवी तर सहा वारांचा, नऊवारी हवी तर नऊ वारांचा, असा प्रत्येक साडीचा ताणा वेगळा तयार करायचा. एक साडी उतरली की पुन्हा पहिल्यापासून जोडणी. यंत्रमागावर ताणा शेकडो मीटरचा असतो. दर साडीला थांबून फासे अडकवणं परवडणार कसं? मग तिथं ताणा तोच ठेवतात आणि पदरापुरता फक्त आडवा धागा लाल करतात. जांभळ्या उभ्या धाग्यावर लाल आडवा पडला की रंग मळणारच. गोखले रोडवरच्या त्या पदराचं कोडं तिथं सुटलं.

पदरात लाल रंगाचे तीन पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरे दोन. लाल-पांढऱ्याच्या सीमेवर दाते काढलेले असतात आणि प्रत्येक आकाराला कानडी नाव आहे: हणिगे म्हणजे फणी, कोटी कम्मली म्हणजे किल्ल्याचा तट, तोपुतेणी म्हणजे ज्वारी, रम्पा म्हणजे डोंगररांग. ज्वारीच्या मुलखातल्या माणसांनी पदरावर ज्वारी काढली, हे मला फार आवडतं. आडव्या धाग्यासाठी तीन धोटे (धागा इकडून तिकडे नेणारी साधनं) चालवतात, त्या पद्धतीला कोंडी म्हणतात. काठांत गोमी, चिक्की, पारसपेठी. स्टॉलवर गोमी सगळ्यांत जास्त होती.

कसुतीच्या, म्हणजे कानडी भरतकामाच्या, दोन साड्याही होत्या. गवंती आणि मुरगी हे टाके धागे मोजून घालतात, कुठेही गाठ मारत नाहीत, आणि नीट घातले तर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. शेजारच्या स्टॉलवर तेच रथ आणि गोपुरं छापलेली होती, मागची बाजू कोरी. गर्दी मात्र तिकडेच. वाईट वाटलं.

खरेदीला जाणाऱ्यांनी काठ बघण्यात वेळ घालवू नये. काठ यंत्रावर उत्तम जमतो. सरळ सांधा शोधावा. दुसरं, अंगात काय आहे ते विचारून घ्यावं: सूत, रेशीम की चमका, म्हणजे कृत्रिम रेशीम. चमका स्वस्त आणि झळाळीदार, आणि तो विणणंही हातमागावर होतं, तेव्हा त्यात फसवणूक नाही. पण रेशमाच्या भावात घेऊ नये.

पोपटी साडी 3,200 रुपयांना घेतली. घासाघीस केली नाही. ते फासे पाहिल्यावर तोंड उघडेना. धुण्याचं मात्र काकांनी नीट समजावलं. लाल रंग सुरुवातीला सुटतो आणि पांढऱ्या पट्ट्यांना लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन धुण्यांना पदर वेगळा, गार पाण्यात, भिजत न ठेवता खळबळायचा. पिळायचा नाही. सावलीत वाळवायचा. आणि दोरीवर टाकताना दोरी सांध्यावर येऊ द्यायची नाही, ओल्या कापडाच्या वजनानं फासे ओढले जातात. हे त्यांनी साडीची घडी घालता घालता दोनदा सांगितलं.