मिड-ड्राइव्ह मोटर आणि हब गिअर, जमतं का?

नेदरलँड्सला आल्यापासून माझी रोजची ई-बाइक म्हणजे 250 वॉटची मिड-ड्राइव्ह (पेडलांच्या मधोमध बसवलेली मोटर) आणि मागे हब गिअर, आणि मला ही जोडी मनापासून आवडते. सगळे गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या आत बंद, पाऊस-चिखल लागत नाही, आणि सिग्नलला उभं राहूनसुद्धा गिअर खाली आणता येतो, डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या नेहमीच्या उघड्या गिअरला) ते जमत नाही!

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मिड-ड्राइव्हचा जोर चेनमधूनच मागे जातो, म्हणजे तुमचे पाय अधिक मोटर असा सगळा टॉर्क (फिरवणारा जोर) हबातल्या त्या छोट्या प्लॅनेटरी गिअरांवर पडतो, आणि जोर चालू असताना गिअर बदलला की कडकन आवाज येतो, मी सुरुवातीला हेच करायचो. आता बदलताना क्षणभर पाय सैल सोडतो. गिअर सेन्सर असेल तर तो मोटर तेवढ्यापुरती कापतो, साध्या सायकलला मोटरचं कन्व्हर्जन किट लावणाऱ्यांनी तो घ्याच.

शिमानोचा 8 गिअरांचा हब, नेक्सस 8, 307% रेंज देतो (म्हणजे सगळ्यात वरचा गिअर सगळ्यात खालच्याच्या 3.07 पट), ई-बाइकसाठीच काढलेला इंटर-5ई 263%. पाचच गिअर, पण मोटर असताना कमी पडत नाहीत, सपाट गावात तर नाहीच. घाटासाठी रोलॉफ कंपनीचा हब, 14 गिअर, 526%, पण किंमत बघून घाम फुटतो.